मनगटावरचा मुनीम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेबारा झाले होते. घरात निजानीज झालेली आणि मी अंधारात गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. बायको उठून वर आली. तिला वाटलं, माझ्या छातीत दुखतंय किंवा कुठून तरी वाईट बातमी आली. मी म्हणालो, ‘काही नाही, पाचशे चाळीस पावलं राहिलीत.’ ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘कुणाची राहिलीत?’

या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? कर्जाचा हप्ता राहावा तशी ती पावलं राहिली होती. बारा वाजले की दिवस संपणार, आकडा शून्यावर येणार आणि आजचा दिवस अपुरा म्हणून कायमचा नोंदला जाणार. रक्तातली साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं हा पट्टा आणून दिला होता. हातात बांधायचा, झोपतानाही काढायचा नाही. तो पावलं मोजतो, नाडी मोजतो, झोप मोजतो. पूर्वी पेढीवर मुनीम असायचा, रोजची कीर्द लिहायचा, महिनाअखेरीला खतावणी करायचा. तसा हा मनगटावरचा मुनीम. मुनिमाबद्दल मात्र एक गोष्ट विसरून चालत नाही. तो कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब शेठजीसाठी लिहितो. मग या मुनिमाचा शेठजी कोण?

आधी त्या दहा हजार पावलांचं बघू, कारण मी गच्चीवर गेलो तो त्या आकड्यापायी. मला वाटायचं, मोठमोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून तो काढला असेल. तसं नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली आणि पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आपल्याकडे हजार, लाख तशी जपानी भाषेत दहा हजारांना स्वतंत्र संख्या आहे. आकडा गोल, लक्षात राहणारा, खपायला सोपा. एका मालाचं नाव साठ वर्षांनी माझ्यासारख्या माणसाला अर्ध्या रात्री गच्चीवर चालवतं, ही जाहिरातीची ताकद म्हणायची.

पुढे शास्त्रज्ञांनी खरोखर मोजून पाहिलं. आय-मिन ली या हार्वर्डच्या संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्कर स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांचं सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला आणि साडेसात हजारांच्या आसपास थांबला. म्हणजे चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण दहा हजारांच्या रेषेअलीकडचा माणूस नापास आणि पलीकडचा पास, असं शरीराला काही ठाऊक नसतं.

हा पट्टा मोजतो तरी कसा? त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती असते. तिला हिसका बसला की तो कुठल्या दिशेनं आणि किती जोरात, हे तिला कळतं. चालताना हात ठरावीक लयीत हलतो, त्या लयीला यंत्र पाऊल म्हणतं. त्याला पाय दिसत नाहीत, हात दिसतो. त्यामुळे गमती होतात. एका कविसंमेलनात मी खुर्चीवरून न उठता चांगली दीडदोनशे पावलं चाललो, कारण समोरच्या कवीला टाळ्या फार पडल्या. उलट, हातगाडीच्या दांड्या घट्ट धरून बाजारभर फिरणाऱ्या माणसाचे हात हलत नाहीत, तेव्हा त्याची बरीचशी पावलं हिशेबात येतच नाहीत. डोक्यावरच्या हंड्याला हात लावून चालणाऱ्या बाईचंही तेच. यंत्र खोटं बोलत नाही. पण सकाळी हात झुलवत फिरायला निघणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते घडवलेलं आहे.

पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकतो तो नाडीसाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी कातडीखाली रक्त जास्त आलं की परतणारा प्रकाश कमी होतो, ही भरती-ओहोटी मोजली की नाडी मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ साली असे सात पट्टे तपासले. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा बऱ्यापैकी बरोबर निघाले. पण ‘आज इतक्या कॅलरी जाळल्या’ हे जे सांगतात, त्यात सर्वांत चांगला पट्टाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तरी त्या आकड्याच्या भरवशावर जिलेबीचं एक वेढं जास्त घेणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यातला एक मी.

कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र कोरोनाच्या काळात आपण घरोघरी पाहिलं. त्यातही प्रकाशच कातडीतून जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं, की ऑक्सिजन धोकादायकरीत्या घटलेला असूनही यंत्रानं ‘ठीक’ म्हणून सांगण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट होता. सावळ्या लोकांच्या देशात ही बातमी जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही.

स्वतःला मोजण्याची हौस नवी आहे असं मात्र समजू नका. इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरियो यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली होती. त्यात बसून ते जेवत, काम करत आणि आपलं, अन्नाचं, मलमूत्राचं वजन करत. असं सुमारे तीस वर्षं केलं आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. खाल्लेल्याचा बराच भाग न दिसणाऱ्या घामावाटे जातो, असा त्यांचा निष्कर्ष. लंडनमध्ये शिकताना आपण पै-पैचा हिशेब लिहीत होतो, असं गांधीजींनी आत्मकथेत सांगितलं आहे. आणि इतक्या लांब कशाला जायचं? माझ्या अम्मीच्या हातात तसबीह असायची, शेजारच्या काकूंच्या हातात जपमाळ. तिचे तेहतीस किंवा नव्व्याण्णव मणी, यांचे एकशेआठ. मोजणं दोन्हीकडे होतं. पण जपमाळेत एक मेरुमणी असतो. तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलट फिरवायची. माळ हातातून सुटली तरी अम्मीला हुरहूर नसे. किती झाले हे तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

लहानपणी आम्हाला सांगत, दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात आणि ते बरं-वाईट सगळं लिहून ठेवतात. काकूंच्या घरी हेच काम चित्रगुप्ताकडे होतं. त्या लिखाणाची भीती वाटायची, पण एक दिलासाही होता. ती वही शेवटच्या दिवसाआधी उघडायची नव्हती, आणि ती विमा कंपनीला वाचायला मिळणार नव्हती.

जुन्या आणि नव्या मोजण्यातला फरक इथे आहे. २००७ साली अमेरिकेत गॅरी वुल्फ आणि केव्हिन केली या दोन पत्रकारांनी स्वतःला मोजणाऱ्या लोकांची एक चळवळच सुरू केली. आकड्यांतून आत्मज्ञान, हे त्यांचं घोषवाक्य. त्याच वर्षी फिटबिट ही पट्टे बनवणारी कंपनी निघाली. ती पुढे २०२१ च्या जानेवारीत गुगलच्या मालकीची झाली. सांतोरियो आपला आकडा आपल्या हातानं लिहीत होते. लिहिताना माणूस क्षणभर थांबतो, काय लिहायचं, काय सोडायचं, हे ठरवतो. पट्टा थांबत नाही, मला विचारत नाही, आणि लिहिलेलं माझ्या घरात ठेवत नाही. ते कुठल्या तरी दूरच्या संगणकात जातं. मी माझ्याच शरीराची खबर तिथून मागवून घेतो.

याचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो? माझ्यापुरतं सांगतो. पूर्वी सकाळी उठल्यावर झोप झाली की नाही हे मला कळायचं. डोळे सांगायचे, अंग सांगायचं. पट्टा आल्यावर मी उठल्या उठल्या मोबाईलमध्ये बघू लागलो. एके दिवशी अगदी ताजातवाना उठलो. पट्ट्यानं झोपेला शंभरपैकी ५८ गुण दिले होते. दहा वाजेपर्यंत मला खरंच दमल्यासारखं वाटू लागलं. पुढे वाचनात आलं, की शिकागोच्या संशोधकांनी २०१७ साली असेच रुग्ण नोंदवले आहेत आणि या अवस्थेला नावही दिलं आहे, ऑर्थोसोम्निया, म्हणजे बिनचूक झोपेचा ध्यास. प्रयोगशाळेत रीतसर तपासणी होऊन झोप चांगली असल्याचं सिद्ध झालं, तरी त्यांना ते पटेना. पट्टा वाईट म्हणतोय ना!

ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांचे २०१६ सालचे प्रयोग मला त्याहून जास्त लागले. त्यांनी काही लोकांना चित्रं रंगवायला दिली, काहींना चालायला सांगितलं. ज्यांना आपला आकडा दिसत होता त्यांनी काम जास्त केलं, पण त्यांना आनंद कमी झाला. मोजलं की खेळाचं काम होतं, असा त्याचा अर्थ. हे वाचलं आणि मी माझी कवितांची वही काढली. माझ्या निम्म्या कविता मला कालव्याच्या वाटेवर चालताना सुचल्या आहेत. पट्टा बांधल्यापासूनच्या सात महिन्यांत त्या वाटेवर एकही ओळ आली नव्हती. कवितेचा काही भरवसा नसतो, ती इतर कारणांनीही रुसली असेल. पण त्या सात महिन्यांत मी चालताना काय करत होतो हे मला आठवतं. मी मनगट बघत होतो.

मोजू नये असं माझं म्हणणं नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसानं साखर मोजलीच पाहिजे, मी मोजतो. अमेरिकेत ४ लाख १९ हजार लोकांनी हातावरच्या घड्याळानं हृदयाची लय तपासून घेतली. त्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. घड्याळानं २,१६१ जणांना ‘ठोके अनियमित वाटतात’ असा इशारा दिला. त्यातल्या ज्यांनी पुढची तपासणी करून घेतली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत तो विकार सापडला. लकवा येण्याआधी औषध मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. इशारा मिळालेल्या इतरांचे काही दिवस घाबरण्यात गेले असतील, तेही त्याच हिशेबात धरायचं.

आता पुन्हा त्या शेठजीकडे येतो. २०१७ च्या नोव्हेंबरात स्ट्राव्हा या कंपनीनं आपल्या धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या ग्राहकांच्या वाटांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. नावं काढून टाकली होती. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या काळोख्या भागांत काही ठिकाणी गोल गोल उजळ रेघा दिसतात. ते लष्करी तळ होते. तिथले सैनिक सकाळी पट्टा बांधून धावत होते. अमेरिकेतच कनेक्टिकटमध्ये २०१५ साली एका स्त्रीचा खून झाला. घुसखोरानं मारलं, असं नवरा सांगत होता. तो सांगत होता त्या वेळेनंतरही ती घरात चालत-फिरत असल्याची नोंद तिच्या अंगावरच्या पट्ट्यात निघाली. २०२२ मध्ये नवऱ्याला ६५ वर्षांची शिक्षा झाली. न्याय झाला, चांगलंच झालं. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं, आणि पाळीच्या तारखा मोबाईलमध्ये नोंदवणाऱ्या कितीतरी बायकांनी घाईघाईनं ती नोंद पुसून टाकली. आपल्या सोयीसाठी लिहिलेल्या तारखा उद्या कुणी पुरावा म्हणून पुढे आणल्या तर?

विम्याचं तर सरळच आहे. अमेरिकेतल्या जॉन हॅनकॉक या जुन्या कंपनीनं २०१८ मध्ये आपल्या सगळ्या आयुर्विमा पॉलिसींना अशी मोजणी जोडली, भाग घेणं ऐच्छिक ठेवून. आपल्याकडेही काही आरोग्य विम्यांत रोज ठरावीक पावलं चालणाऱ्याला परतावा किंवा सूट मिळते. ऐकायला गोड आहे. पण सूट ही अशी चीज आहे, की पुष्कळांना मिळू लागली की ती न मिळणं हा दंड होतो. दोन पाळ्या करणाऱ्या, संध्याकाळी चालायला ना वेळ ना रस्ता असलेल्या बाईला तो दंड आधी लागेल.

आणि ज्यांना पट्टा काढताच येत नाही अशी माणसं आपल्याच राज्यात आहेत. गेल्या वर्षी मेहुण्यांकडे गेलो होतो. शहराचं नाव सांगत नाही. सकाळी दारासमोर रस्ता झाडणाऱ्या बाईंच्या मनगटावर माझ्यासारखंच काळं घड्याळ दिसलं. मी म्हणालो, ‘मावशी, तुमची किती पावलं होतात हो दिवसाला?’ त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, ‘दादा, तुमचं घड्याळ कोन साहेब बघतो?’

गेल्या काही वर्षांत नागपूर, नवी मुंबई, तिकडे पंचकुला, चंडीगढ अशा शहरांत सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली गेली. कामगार नेमलेल्या हद्दीत आहे का, कधी आला, कधी गेला, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसतं. हजेरीतली खोटी नावं पकडायची, हा हेतू सांगितला गेला, आणि हजेरीत घोटाळे होतात हे खरंच आहे. पण लघवीला जातानाही कुणी बघतंय की काय अशी धास्ती वाटते, हद्दीबाहेर पाऊल पडलं तर पगार कापला जाईल अशी भीती असते, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. चंडीगढमध्ये, पंचकुल्यात कामगार रस्त्यावर उतरले. दोन हातांवर दोन घड्याळं. आत तशीच चकती, तसाच उपग्रहाशी संबंध. एकाचा आकडा मित्रांना दाखवायला, दुसऱ्याचा आकडा मुकादमाला दाखवायला.

माझे वडील यंत्रमागावर होते. मागाला कापडाचे मीटर मोजणारं छोटं यंत्र असायचं. अब्बांना त्याचं फार कौतुक नव्हतं, रागही नव्हता. मजुरी त्यावर ठरायची. धागा तुटला, वीज गेली, मुलगा आजारी म्हणून रात्रभर जागरण झालं, यातलं काही त्या यंत्रात यायचं नाही. पण पाळी संपली की अब्बा कारखान्याबाहेर पडायचे आणि यंत्र मागालाच राहायचं. घरी आलेला माणूस मोजलेला नसायचा. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे होती.

कायदा काय म्हणतो? खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखानं दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची असं ठरलं. माहिती घेण्याआधी संमती हवी, हे त्याचं मुख्य सूत्र. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. आरोग्याच्या माहितीला आधीच्या मसुद्यांत ‘संवेदनशील’ म्हणून वेगळं स्थान होतं, ते अंतिम कायद्यात राहिलं नाही. म्हणजे मला विचारलं जाईल आणि मी न वाचता ‘मान्य’ म्हणून अंगठा टेकवीन. झाडणाऱ्या मावशींना विचारायचीही गरज नाही. हे कलम बदलावं म्हणून बोललं पाहिजे, आणि हातात हौसेचा पट्टा बांधणाऱ्यांनी आधी बोललं पाहिजे.

माझ्या पट्ट्याचं पुढे काय झालं, ते सांगतो. एकदा लेकीचा फोन आला. ‘अब्बा, काल रात्री दोन वाजता जागे होतात? काय झालं?’ मी चकित झालो. पट्टा सुरू करून देताना तिनं माझी माहिती आपल्या मोबाईललाही जोडली होती. काळजीपोटीच. मला बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी अवघडल्यासारखं झालं. रात्री दोन वाजता मी एका कवितेशी झटत होतो, आणि ते तिच्या आईलाही माहीत नव्हतं. मी तिला म्हणालो, ‘बेटा, तुला काय हवं ते विचार, मी सांगीन. पण मी सांगण्याआधी तुला कळायला नको.’ ती थोडी दुखावली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ती जोडणी काढून टाकली आणि तसा निरोप पाठवला.

आता मी पट्टा आठवड्यातून तीन दिवस बांधतो. आकडे हातानं वहीत उतरवतो आणि डॉक्टरांना ती वही दाखवतो. कालव्यावर जाताना तो घरी, टेबलावर असतो. आणि लेक रोज रात्री नऊच्या सुमारास फोन करून विचारते, ‘अब्बा, आज चाललात का?’